शंभरपैकी लोणारे सर

लोणारे सरांनी जगातल्या बहुतेक गोष्टींना शंभरपैकी गुण दिले होते. इचोड्याच्या बसथांब्यासमोरच्या चहाला एक्केचाळीस. आदिलाबादच्या स्टेशनाजवळच्या इडलीला अठ्ठावन्न, चटणीचे वेगळे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी बसवलेल्या नाटकाला सत्तावीस, आणि वर शेरा : ‘पात्रे घाबरलेली, दिग्दर्शक जास्त.’ मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवत होतो, वयाने पंधरा वर्षांनी लहान होतो, म्हणून हे ऐकून घेतलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंही, कारण नाटक खरोखरच सत्तावीसचं होतं.

सर जैनथच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. मूळचे तलमडुगूचे, घरची काळ्या मातीची ज्वारी आणि कापूस. अंगाने किडकिडीत, शर्टाच्या खिशाला कायम लाल पेन, आणि डावी भुवई उजवीपेक्षा थोडी वर. ती भुवई आणखी वर गेली की समजायचं, गुण पडले. पस्तिसाला पास, हा सरकारी नियम त्यांनी संसारालाही लावला होता. ऐंशीच्या वर त्यांनी कधी कोणाला काही दिलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणायचे, वरचे वीस देवाचे. आणि एकदा दिलेला गुण ते बदलत नसत. चौतिसाचे पस्तीस करून घ्यायला पालक यायचे, सरपंच यायचे, एकदा तर मंडळाचे, म्हणजे तालुक्याचे, शिक्षणाधिकारी स्वतः आले. सरांनी त्यांना चहा पाजला, त्यांचं अर्धा तास बोलणं ऐकलं, आणि ते गेल्यावर आम्हाला म्हणाले, भाषण चाळीस, विषयांतर फार.

लग्नातल्या वरणाला ते पंगतीतच गुण द्यायचे. तेरवीच्या जेवणाला देऊ नयेत एवढं तारतम्य त्यांना होतं, पण भुवई काही ऐकायची नाही, आणि वाढणारे तिच्याकडेच बघत पुढे सरकायचे.

साऱ्या जिल्ह्यात एकच माणूस सरांच्या गुणांबाहेर होता, तो म्हणजे कमलकाकू, त्यांची बायको. लग्नाच्या पहिल्या वर्षी सरांनी त्यांच्या वांग्याच्या भाजीला बासष्ट दिले होते. सरांच्या हिशोबात ही फर्स्ट क्लासची भाजी. काकूंनी फक्त एवढंच विचारलं, कितीपैकी? दुसऱ्या दिवशी ताटात नुसती भाकर आणि मिठाचा खडा. काकू समोर बसून म्हणाल्या, आता याले द्या. तेव्हापासून घरात परीक्षा बंद झाली. हा किस्सा सर स्वतःच सांगायचे आणि सांगताना त्यांना फार आनंद व्हायचा.

सर आता नाहीत. पण त्यांची आठवण आली की मला शाळा आठवत नाही. आठवतात निवृत्तीनंतरचे त्यांचे रविवार, आणि तेही इचोड्याच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या बिअरच्या भट्टीतले. एवढा उत्साहात असलेला माणूस मी ना त्याआधी पाहिला, ना नंतर.

भट्टी संतोषची. तिला भट्टी म्हटलेलं त्याला आवडत नसे. तो ब्रुअरी म्हणायचा, आणि सगळं गाव भट्टीच म्हणायचं. संतोष तलमडुगूचाच, सरांचा विद्यार्थी, आणि सरांनी विज्ञानात चौतीस देऊन नापास केलेला. एका गुणासाठी त्याचं वर्ष गेलं होतं. पुढे पोरगा शिकला, बंगळुरूला एका बिअरच्या कारखान्यात बरीच वर्षं राहिला, आणि मग तिथली नोकरी सोडून परत आला. परवान्याची दरखास्त या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यात काही उन्हाळे गेले. शेवटी चकचकीत टाक्या लागल्या, बाहेर बाकडी टाकली गेली, आणि उद्घाटनाच्या आधी संतोष सरांच्या घरी आला.

मी तेव्हा तिथे बसलेलो होतो. संतोष उंबऱ्यावरच उभा राहिला. म्हणाला, “सर, तुमी माह्या मालाले मार्क द्या. बाकी कोनाच्या सांगन्यावर माहा भरोसा नाई.”

सर पिणारे नव्हते. लहानपणी शेतावर कधी शिंदी घेतली असेल तेवढीच. काकू आतून काही बोलल्या नाहीत, म्हणजे हरकत नव्हती. सरांनी संतोषकडे पाहिलं आणि विचारलं, “पास करून पायजे का तपासून पायजे?” संतोष म्हणाला, तपासून. सर लगेच उठले आणि खुंटीवरचा शर्ट घालायला लागले. मला म्हणाले, “गजानन, स्कूटर काढ.” मी थेंबालाही शिवत नाही, त्यामुळे पुढच्या सगळ्या रविवारी सारथी मीच.

पहिल्या दिवशी सरांनी अटी घातल्या. पेल्यावर नाव नको, फक्त बैठक क्रमांक. तपासताना मालकाने समोर उभं राहायचं नाही. दोन पेल्यांच्या मध्ये पाण्याने चूळ आणि कोरड्या ज्वारीच्या भाकरीचा एक तुकडा. भाकर काकू फडक्यात बांधून द्यायच्या. सर पेला आधी खिडकीकडे धरायचे, मग त्यावर तळवा झाकायचे, तळवा काढून नाक खाली न्यायचे, डोळे मिटायचे, आणि एवढासा घोट घेऊन तो तोंडात ठेवून छताकडे बघायचे. त्या वेळी कोणी खुर्ची सरकवली तरी ते हात वर करून गप्प करायचे. बोर्डाच्या परीक्षेत केंद्रप्रमुख करतो तसं.

गव्हाच्या बिअरला त्यांनी अठ्ठेचाळीस दिले आणि लिहिलं, ‘पाठांतर चांगले, समज कमी.’ काळ्या बिअरला त्रेपन्न, ‘प्रस्तावना लांबली, उत्तर मात्र बरोबर.’ आंबा घातलेल्या बिअरला एकोणीस. शेरा होता, ‘शेजाऱ्याचे पाहून लिहिले आहे.’ संतोष हे सगळं वाचून आधी लाल झाला, मग हसायला लागला, आणि मग टाकीपाशी जाऊन बराच वेळ उभा राहिला. त्याने मला नंतर सांगितलं, बंगळुरूत यंत्रं लावून चव मोजायचे, पण आंब्याचं जे बिघडलं होतं ते सरांनी बरोबर धरलं. बाजारातला गोड रस त्याने कोणाचं तरी बघून घातला होता.

भट्टीत त्याने एक मोठा काळा फळा टांगला. त्यावर बिअरचं नाव आणि समोर सरांच्या हातचे लाल खडूतले गुण. या फळ्याने इचोड्यात धमाल उडवली. रविवारी दुपारी सर तपासायला बसले की बाकडी भरायची. आदिलाबादहून लोक यायचे, निर्मलहून यायचे, आणि पेला हातात न धरता फळ्याकडे तोंड करून बसायचे. खताच्या दुकानाचा राजन्ना तर सर आत गेल्यापासून दारात उभा राहून तेलुगूत ओरडून विचारायचा, एन्नि मार्कुलु, सारू? किती मार्क, सर? सर बाहेर येऊन खडू उचलायचे, आणि पहिला आकडा पडला की दुसऱ्या आकड्याआधी मुद्दाम थांबायचे. तेवढ्यात अख्खी भट्टी श्वास रोखून धरायची. तीनच्या पुढे पाच पडला तर पास, चार पडला तर नापास, आणि नापासाला कोणी हात लावत नसे. मास्तरकीत तीस वर्षं काढली मी, निकालाला असा रंग कधी पाहिला नाही. मीसुद्धा कोरडा राहून हातांना घाम फुटेपर्यंत त्या फळ्याकडे बघत असे, हे कबूल करायला हवं.

पण संतोषचा जीव अडकला होता तो ज्वारीत. गव्हाची, जवाची बिअर कोणीही करतं. त्याला आपल्या मातीतल्या ज्वारीची करायची होती. हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलवाल्याने त्याला शब्द दिला होता, ज्वारीची जमली तर कायम घेईन. आणि नाही जमली तर नुसत्या रविवारच्या गर्दीवर भट्टी पुढचा उन्हाळा काढणार नव्हती. हे त्याने लपवलं नव्हतं, सरांनाही माहीत होतं. संतोषला वाटलं असेल की त्यामुळे सर जरा हात सैल सोडतील. सरांनी पहिल्या ज्वारीला बावीस दिले. दुसरीला एकोणतीस. तिसऱ्या खेपेला सरांनी घोट घेतला, डोळे उघडले, पुन्हा मिटले, आणि कधी नव्हे तो दुसरा घोट घेतला. मग बाहेर येऊन फळ्यावर लिहिलं, चौतीस.

संतोष आणि सरांचा जुना हिशोब सगळ्यांना ठाऊक होता. परत येताना गुडीहत्नूर मागे पडलं. मग स्कूटरवर मागून सर म्हणाले, पोराचं वाईट वाटते बावा, पन ते चौतीसच होते. त्या दिवशी त्यांनी वाटेतल्या चहाला गुण दिले नाहीत.

अडचण अशी होती की बाजारातल्या ज्वारीला सारखे मोड येत नव्हते. बिअरसाठी धान्याला मोड आणून वाळवावं लागतं. बाजारातली ज्वारी अर्धी जागी व्हायची, अर्धी झोपलेली राहायची. चौथ्या खेपेला संतोषने आईकडे हात पसरले. आईने घरच्या कणगीतली, पेरणीसाठी राखलेली बियाण्याची ज्वारी दिली. तिला एकजात मोड आले. निम्मी त्याने मोडांची घेतली, निम्मी तशीच दळून टाकली. त्यात भर म्हणून त्याच सुमाराला त्याने जर्मनीचे महागाचे हॉप्स मागवले होते. हॉप्स म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं, बिअरचा कडवटपणा त्यांचा. ते आपल्याकडे पिकत नाहीत. त्यांचं एक छोटं पाकीट त्याने या खेपेत घातलं.

तो रविवार मी विसरणार नाही. सर आत गेले आणि बाहेर येईनात. राजन्नाने दोनदा हाक मारून पाहिली. शेवटी सर आले ते पेला हातात घेऊनच आले, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. खडू उचलला आणि आधी आठ काढले. कोणीतरी मागे बाकड्यावर उभं राहिलं. सर थांबले, त्या थांबण्यात मला वाटतं ते स्वतःशीच भांडत होते, आणि मग आठच्या पुढे एक काढला. एक्क्याऐंशी.

जो कालवा झाला तो हायवेवरच्या ट्रकवाल्यांनीही ऐकला असेल. लोक संतोषला उचलायला धावले, संतोष सरांच्या पाया पडायला धावला, मधल्या मध्ये दोन पेले फुटले. आणि सर, ज्यांच्या शेऱ्यात कधी सहा शब्दांवर सातवा नसे, ते पाच मिनिटं बोलले. त्या कडवटपणाबद्दल बोलले. तो जिभेवर आधी येत नाही, घोट गेल्यावर मागून येतो, आणि आला की तोंड स्वच्छ करून जातो, असं म्हणाले. म्हणाले, ही जर्मनीच्या फुलांची करामत आहे, पिढ्यान् पिढ्या एकच काम करणाऱ्या लोकांनाच असं साधतं, आपल्याकडे असलं काही नाही. संतोषने तिथेच ठरवलं की वर्षभराचे हॉप्स एकदम मागवायचे आणि हैदराबादवाल्यासाठी मोठी खेप लावायची. सर म्हणाले, मागव.

पुढच्या रविवारी सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा सर पायीच माझ्या घरी आले. चेहरा उतरलेला. खुर्ची दिली तर बसले नाहीत. खिशातून त्यांनी एक वाळलेलं पान काढून माझ्या हातावर ठेवलं आणि चावून पाहा म्हणाले. मी चावलं. कडुनिंब.

झालं होतं असं. त्या सकाळी काकूंनी अंगणात कणगी रिकामी केली होती. आमच्याकडे बियाण्याची ज्वारी ठेवताना थरांमध्ये निंबाचा पाला घालतात, कीड लागू नये म्हणून. वर्षभरात त्या पाल्याचा भुगा होतो आणि दाण्यात मिसळून जातो. काकू सुपाने पाखडत होत्या, भुगा उडत होता, आणि ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या सरांच्या नाकाशी तो आला. सरांनी पेपर खाली ठेवला. एक पान उचलून जिभेवर ठेवलं. आधी काही नाही, मग मागून कडू, आणि मग तोंड स्वच्छ.

संतोषने आईची ज्वारी पाखडलीच नव्हती, हे सर त्याच्या आईला विचारून खात्री करून आले होते. बंगळुरूला धान्य गोणीत साफ होऊन यायचं, तिथे कोणी पाखडत नव्हतं, आणि आईला वाटलं, दळायच्या आधी पाखडतात हे पोराला काय सांगायचं. जर्मनीच्या फुलांचा त्या बिअरशी नावापुरताच संबंध होता.

मी सरांना म्हटलं, तुम्ही म्हणता ते खरं, पण हे तुमच्याशिवाय कोणालाच कळलेलं नाही. संतोषला एकट्याला बाजूला घेऊन सांगा, तो हॉप्स मागवणं थांबवेल, प्रश्न मिटला. चारचौघांत कशाला?

“काऊन?” सर म्हणाले. “नापास पोरांचे आकडे मी फळ्यावर लिवले ना? मंग माहा आकडा कानात सांगू का?”

स्कूटरवर ते वाटेत एकदाच बोलले. म्हणाले, “जिभेनं बरोबर सांगतलं होतं रे. डोक्यानं घोटाळा केला. इतकं चांगलं हाय म्हनजे आपल्या इथलं नसनारच, असं वाटलं मले.” त्यांचा आवाज मला मागून येत होता, चेहरा दिसत नव्हता, आणि ते बरंच झालं. साठ वर्षं ज्या पाल्याच्या वासात झोपले-उठले, तो त्यांनी ओळखला नव्हता, आणि ओळखला नाही कारण त्याला ते जर्मनीचा समजले होते. मला फार वाईट वाटलं त्यांच्यासाठी. एक्क्याऐंशीच्या आनंदात आठवडाभर तरंगत होता तो माणूस.

भट्टी खच्चून भरलेली होती. एक्क्याऐंशीची बातमी पार निर्मलपर्यंत गेली होती. सर सरळ फळ्यापाशी गेले, आणि त्यांनी खडू उचलताच लोक टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं गुण आणखी वाढतात की काय. सरांनी हात वर केला. वर्गात बोलायचे तशा शुद्ध भाषेत त्यांनी सगळं सांगितलं, कणगी, पाला, भुगा, सूप, काही ठेवलं नाही. मागच्या रविवारी आपण जे पाच मिनिटं बोललो ते सगळं चूक होतं, असंही सांगितलं. संतोषकडे बघून म्हणाले, हॉप्स मागवले असशील तर आजच्या आज थांबव. मग फळ्याकडे वळून त्यांनी ज्वारीच्या बिअरखाली एक नवी ओळ लिहिली. ‘परीक्षक’. आणि तिच्यापुढे, तीन या आकड्यावर न थांबता, एका दमात, चौतीस.

राजन्नाला अर्धं समजलं होतं. त्याने हळूच विचारलं, मरि बीरु, सारू? मग बिअरचं काय?

“बीरु पास,” सर म्हणाले. “सारू फेल.”

संतोष पुढे आला. त्याचा रंग उडाला होता, कारण हॉप्सचे पैसे तो सोमवारी पाठवणार होता. पण तो हॉप्सबद्दल बोलला नाही. म्हणाला, “सर, एक मार्क ग्रेस देतो ना मी.” सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ग्रेस मी कोणाला दिला नाही, तर घेऊ कसा. नापास झालेल्याला फेरपरीक्षा असते. तू प्रश्नपत्रिका काढ.

बिअर तयार व्हायला दिवस लागतात, म्हणून फेरपरीक्षा महिनाभर लांबली. तो महिना सगळ्यांनाच जड गेला. सरांनी गुण देणं साफ बंद केलं. नापास परीक्षकाला अधिकार नाही, म्हणायचे. बसथांब्यासमोरच्या चहावाल्याने एकदा मुद्दाम आलं घालून चहा पाजला आणि आशेने उभा राहिला. सर नुसते ‘बरा आहे’ म्हणाले. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, सरांची तब्येत बरी नाही का? एक्केचाळीसवर तो वर्षानुवर्षं चिडत आला होता, आता तेच त्याला हवे होते. एका लग्नात पंगतीला वाढणारा सरांच्या पुढ्यात थांबला, भुवई हलेना, तेव्हा बिचाऱ्याने वरण दोनदा वाढलं.

संतोष मात्र पिसाटल्यासारखा कामाला लागला होता. आता कडुनिंब मुद्दाम घालायचा, पण कसला? ओला, उन्हात वाळवलेला, सावलीत वाळवलेला, का कणगीत वर्षभर मुरलेला? त्याने सगळे प्रकार लावले, आणि एक खेप नुसत्या जर्मन हॉप्सची. त्यांतली कोणती मूळ खेपेसारखी, हे सांगू शकणारी जीभ एकच होती, आणि ती नापास होऊन बसलेली. हैदराबादवाल्याला पुढच्या आठवड्यात नमुना धाडायचा होता. फेरपरीक्षा जेवढी सरांची, तेवढीच भट्टीची होती.

राहिला प्रश्न परीक्षक कोण. संतोष म्हणाला, मी सरांना मार्क देणार नाही. राजन्ना तयार होता, पण त्याच्यावर सरांचा विश्वास नव्हता. शेवटी सरांनीच नाव सुचवलं. जिल्ह्यात ज्याला आपण कधी गुण देऊ शकलो नाही असा एकच माणूस आहे, म्हणाले, तोच आपल्याला निःपक्षपातीपणे तपासेल.

अशा रीतीने कमलकाकू इचोड्याच्या भट्टीत आल्या. जरीकाठी लुगडं नेसून, सरांबरोबर बसने आल्या, आणि आल्या आल्या त्यांनी बाकडी पुसून घ्यायला लावली. मधल्या टेबलापाशी खुर्चीत बसल्या. कोणता पाला कुठल्या खेपेत आहे ते संतोषने त्यांच्या कानात सांगितलं. सरांचं लाल पेन त्यांनी हात पुढे करून मागून घेतलं. ते पेन सरांनी दुसऱ्याच्या हातात दिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. पाच पेले मांडले गेले. सर समोर उभे राहिले, बसायला काकूंनी सांगितलंच नव्हतं. आणि गर्दी इतकी की काही लोक खिडकीच्या गजांना धरून होते.

पहिला पेला. चूळ, भाकर, तळवा, डोळे बंद. “ओला पाला,” सर म्हणाले. काकूंचा चेहरा हलला नाही. दुसरा पेला, उन्हात वाळलेला, असं म्हणाले, आणि संतोषने मान खाली घातली तेव्हा मला कळलं की चुकलं. तिसऱ्याला सावलीतला म्हणाले. तेही चुकलं असावं, कारण दोन्ही उलटे झाले होते. चौथा पेला ओठाला लागताच सरांनी खाली ठेवला, “हे ते जर्मनीवाले.” आता पाचवा. तो कणगीतला असणार हे हिशोबाने कळत होतं, पण सर हिशोबाने बोलणारे नव्हते. त्यांनी घोट घेतला, तोंडात धरला, छताकडे पाहिलं, आणि वाट बघत राहिले. मागून येणाऱ्याची वाट. सगळी भट्टी वाट बघत होती. मग त्यांची डावी भुवई सावकाश वर गेली, महिन्याभरात पहिल्यांदा.

“हे आपलं घर हाय,” सर म्हणाले.

संतोष तिथेच मटकन खाली बसला. हाच तो पेला होता, हीच खेप हैदराबादला जाणार होती. तोंडावर हात दाबून तो रडत होता आणि हसतही होता. लोकांनी पुन्हा कालवा करायला सुरुवात केली, तेवढ्यात काकूंनी पेन टेबलावर आपटलं. काकूंनी एका कागदावर काहीतरी लिहिलं, घडी केली आणि सरांच्या हातात दिली. सरांनी घडी उघडली. मी बाजूलाच होतो, मला दिसलं. पस्तीस.

“काठावर हाय,” काकू म्हणाल्या. “दोन उत्तरं चुकली. अन् घरातलं वळखाले तुमाले इतका टाइम लागला, त्याचे कापले.”

सरांनी गुण वाढवून मागितले नाहीत. त्यांनी फळ्यापाशी जाऊन चौतीस पुसला नाही, तो तसाच ठेवून पुढे कंसात ‘फेरपरीक्षा ३५’ लिहिलं, नियमाप्रमाणे. मग मागे वळून बसथांब्यावरच्या चहावाल्याला, जो गर्दीत होता, मोठ्याने सांगितलं की आल्याच्या चहाला सेहेचाळीस.

दुसऱ्या दिवशी मी मुलीकडे पुण्याला गेलो, आणि काही दिवसांनी सर वारल्याची बातमी मला तिथेच कळली. ज्वारीची बिअर आता हैदराबादला जाते. फळा अजून आहे, त्यावरचे दोन्ही आकडे संतोष कोणाला पुसू देत नाही. पण माझ्याजवळचे सर त्या रविवारच्या संध्याकाळचे आहेत.

काकूंना स्कूटरवर नेता येणार नव्हतं, म्हणून दोघं बसने निघाले. मी त्यांना बसवून दिलं आणि मागून स्कूटरवर निघालो. इचोड्याबाहेर चढावर बस हळू झाली आणि मी तिच्या बरोबरीने आलो. काकू खिडकीशी बसल्या होत्या, डोळे मिटून. त्यांच्या पलीकडून सर वाकले, खिडकीची काच सरकवायला गेले, ती सरकली नाही. मग त्यांनी खिशातून तो घडीचा कागद काढला, उलगडला, आणि मला दिसावा म्हणून आतून काचेला दाबून धरला. पहिल्यांदाच परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे हसत होते. बसने वेग घेतला तरी बराच वेळ मला तो लाल पस्तीस दिसत होता.